घरी सोडलेल्या हार्ट फेल्युअर रुग्णावर दुरून देखरेख: काय मोजायचं आणि आकडा बिघडल्यावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावी तीस खाटांचं रुग्णालय, एक फिजिशियन, दोन अनुभवी परिचारिका. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही असे, रुग्ण बरे होऊन घरी जातात आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा धाप लागून, फुप्फुसात पाणी होऊन परत येतात. ते घरी असताना त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आहे. कोणतं यंत्र घ्यावं, काय काय मोजावं, कोणत्या आकड्याला सावध व्हावं?

यंत्राचं नंतर पाहू. सकाळी आठ वाजता एखाद्या रुग्णाचं वजन दोन किलोने वाढलेलं आलं, तर ते कोण पाहणार, किती वाजेपर्यंत त्याला फोन करणार आणि औषध बदलायचा निर्णय कोण देणार, हे आधी कागदावर लिहा. हे ठरलेलं नसेल तर कितीही महागडं यंत्र नुसते आकडे साठवत राहतं. रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचण्यांमध्ये हेच दिसलं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या टेली-एचएफ चाचणीत नुकतेच भरती होऊन गेलेले १६५३ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेला वजन आणि लक्षणं कळवायची होती. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही. सुमारे १४ टक्के लोकांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही, आणि शेवटी शेवटी आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे जेमतेम ५५ टक्के उरले. कॅलिफोर्नियातल्या सहा केंद्रांवर १४३७ रुग्णांची बीट-एचएफ चाचणी (२०१६) झाली, तिथेही पुन्हा भरती होणं कमी झालं नाही.

आता जर्मनीतली टिम-एचएफ-२ (२०१८, १५७१ रुग्ण) पाहा. मोजायचं तेच साधं: वजन, रक्तदाब, ईसीजी, ऑक्सिजन आणि रुग्णाने स्वतः सांगितलेली तब्येत. पण बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका बसलेले होते. आकडा बिघडला की ते रुग्णाशी आणि त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलत होते. हृदयविकारासाठी अचानक भरती होण्यात किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले. मृत्यूचं प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे (१०० रुग्ण वर्षभर पाहिले असं धरून) ११.३ वरून ७.९ झालं. आपल्याकडे चोवीस तास असं केंद्र चालवणं शक्य नाही. पण आकडा येणं आणि माणसाने त्यावर हालचाल करणं यांतलं अंतर काही तासांवर आणणं तीस खाटांच्या रुग्णालयालाही जमतं.

दिवसाचं वेळापत्रक

रुग्णाने सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन घ्यायचं आणि ९ वाजेपर्यंत कळवायचं. परिचारिकेने १० पर्यंत सगळे आकडे वहीत किंवा संगणकावर उतरवायचे, ११ पर्यंत बिघडलेल्या आकड्यांचे फोन करायचे. डॉक्टरांचा निर्णय १ वाजेपर्यंत रुग्णापर्यंत पोचला पाहिजे. या वेळांना कारणं आहेत. वाढवलेली लघवीची (साठलेलं पाणी लघवीतून काढणारी) गोळी दुपारी ४ च्या आत घेतली तर रात्रभर उठावं लागत नाही. रात्री उठून पडलेला म्हातारा रुग्ण खुब्याचं हाड मोडून घेतो, किंवा दुसऱ्या दिवसापासून गोळीच सोडतो. शिवाय रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा आकडा) तपासायचं ठरलं तर लॅब उघडी असते आणि रुग्णालयात यावं लागलं तर दिवसाउजेडी एसटी, रिक्षा मिळते.

रविवार आणि सणाचे दिवस सोडू नका. बिघाड त्याही दिवसांत होतो. दोन परिचारिकांनी आलटून पालटून सुट्टीच्या दिवशी फक्त तासभर हे काम करावं. रात्री तुमच्याकडे आकडे कोणी पाहत नसेल तर ते रुग्णाला तोंडी सांगा आणि कार्डावर ठळक अक्षरात लिहून द्या: रात्री दम लागला तर संदेश पाठवून उत्तराची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ या. आपण कोणाच्या तरी नजरेखाली आहोत या भरवशावर रुग्ण घरी थांबून राहतो. अशा योजनेतला सर्वांत गंभीर धोका तोच आहे.

कोणाला घ्यायचं

पहिल्या खेपेला वीस-पंचवीस रुग्णांच्या वर जाऊ नका. भरती होऊन घरी गेल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे, म्हणून नुकते सुटलेले रुग्ण आधी. वर्षात दोनदा भरती झालेले, लघवीच्या गोळीचा डोस मोठा असलेले, क्रिएटिनिन वाढलेले हेही घ्या. औषधं पूर्ण डोसला पोचली आहेत, वर्षभर स्थिर आहे, जिने चढताना त्रास नाही, अशा रुग्णाला रोजच्या देखरेखीतून फारसं मिळत नाही. उलट रोजच्या आकड्यांची त्याला चिंता मात्र लागून राहते. डायलिसिसवरच्या रुग्णाचं वजन वेगळ्या हिशेबाने चालतं, त्याला यात मिसळू नका. आणि घरात आकडा वाचणारं, फोन उचलणारं एक माणूस नक्की हवं. ते बहुतेक वेळा सून, पत्नी किंवा शाळेत जाणारी नात असते. शिकवणी त्या व्यक्तीला द्या. डिस्चार्जच्या दिवशी घाईत दिलेली शिकवणी घरी पोचेपर्यंत विसरली जाते. आदल्या दिवशी वॉर्डातच त्यांच्याकडून स्वतः वजन घेऊन, आकडा लिहून दाखवायला सांगा.

वजन

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकणारं मोजमाप हेच आहे.

काटा डिजिटल हवा, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, मोठ्या आकड्यांचा, पाय ठेवला की आपोआप सुरू होणारा. ब्लूटूथ असलाच पाहिजे असं नाही. घरी नेल्यावर एकाच माणसाचं लागोपाठ तीनदा वजन करून बघा; २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक येत असेल तर जागा बदला, तरीही आला तर काटा बदला. सतरंजी, रबरी चटई किंवा सारवलेल्या जमिनीवर काटा खोटं बोलतो, कारण चारही पायांवर सारखा भार येत नाही. उंचसखल शहाबादी फरशीवरही तेच. सपाट फरशीचा एक तुकडा किंवा जाड फळी शोधा, काट्याच्या पायांभोवती खडूने खूण करा, रोज तिथेच ठेवा. कपडे रोज साधारण तेवढेच. नऊवारी लुगडं आणि गाऊन यांतला फरक किलोच्या जवळ जाऊ शकतो.

तुमच्या वॉर्डातल्या काट्यावरचं डिस्चार्जचं वजन घरच्या तुलनेसाठी वापरू नका. दोन काट्यांत एक-दीड किलोचा फरक सहज असतो, आणि पहिल्याच दिवशी खोटी धोक्याची घंटा वाजते. घरी गेल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळचं वजन पाहा. सूज नाही, उताणं झोपता येतं, तर तेच त्या रुग्णाचं 'कोरडं वजन'. ते कार्डावर लिहा.

सावध होण्याच्या दोन मर्यादा ठेवा. एक, तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढ. दुसरी, किती दिवसांत झाली याचा विचार न करता कोरड्या वजनापेक्षा २.५ किलो जास्त. दुसरी मर्यादा का हवी? काही ॲप मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी तुलना करतात. रोज दीडशे ग्रॅमने पाणी साठत गेलं तर ती सरासरीही रुग्णाबरोबर वर सरकते, आणि तीन आठवड्यांत तीन किलो वाढूनही एकही सूचना येत नाही. म्हणून तुलनेचा एक खुंटा कायम रोवलेला हवा. ५० किलोच्या आतल्या रुग्णांना पहिली मर्यादा दीड किलोची ठेवा. ४२ किलोच्या बाईला दोन किलो म्हणजे शरीराच्या जवळजवळ ५ टक्के झाले.

याच्या उलट फसगतही होते. दीर्घ आजारात भूक मरते, दंडा-मांड्यांचे स्नायू झडतात. स्नायू दोन किलोने कमी झाले आणि पाणी दोन किलोने वाढलं तर काटा हलत नाही. म्हणून दर चार-सहा आठवड्यांनी, प्रत्यक्ष तपासणीत, कोरडं वजन नव्याने ठरवा.

आणि एवढं करूनही वजन पुरेसं नाही. हृदयातला दाब वाढायला लागतो तो भरती होण्याच्या कित्येक दिवस, कधी आठवडे आधी. वजन उशिरा वाढतं. काही रुग्णांत तर एकूण पाणी फारसं वाढतच नाही, पोटाच्या शिरांमध्ये साठलेलं रक्त मध्यवर्ती अभिसरणात सरकतं आणि तेवढ्याने फुप्फुस भरतं. वजन स्थिर आहे म्हणून रुग्ण ठीक आहे, असा निष्कर्ष फोनवर कधीही काढू नका.

तीन प्रश्न

वजनाची ही उणीव प्रश्नांनी भरून काढायची. 'कसं वाटतंय?' असं विचारलं की 'बरं आहे' हेच उत्तर येतं, विशेषतः वयस्कर पुरुषांकडून. मोजता येईल असं विचारा. काल रात्री किती उशा घेतल्या, आणि झोपेतून उठून बसावं लागलं का? रोजचं एक ठरलेलं काम करताना (नळावरून कळशी आणणं, देवळापर्यंत जाणं, अंघोळ) मध्ये थांबावं लागलं का? खाली वाकून केर काढताना किंवा बुटाची नाडी बांधताना अर्ध्या मिनिटात दम लागला का? हा वाकल्यावरचा दम हृदयातला दाब वाढल्याचं चांगलं लक्षण आहे आणि तो फार कमी जण विचारतात. हृदयाच्या उजव्या बाजूचा त्रास जास्त असेल तर हे विचारा: पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, धोतराची किंवा परकराची गाठ घट्ट होणं. सूज पाहताना नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरायला शिकवा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सूज पायावर दिसत नाही, कमरेच्या मागे पाहावी लागते.

उत्तर रुग्णाकडून घ्या, पण घरातल्या व्यक्तीलाही विचारा. रात्री कोण किती वेळा उठलं हे तिला जास्त नक्की माहीत असतं.

रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन

दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर मोजून पट्टा निवडा: बहुतेक नेहमीचे पट्टे २२ ते ३२ सेंटीमीटरसाठी असतात. बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर दाब खोटाच कमी दिसतो, आणि त्या आकड्यावर कोणीतरी चांगलं चालू असलेलं औषध बंद करतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, दंड छातीच्या पातळीला, मिनिटभराच्या अंतराने दोन वाचनं. ॲट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) असेल तर तीन, कारण अनियमित ठोक्यांत एकेक वाचन भरकटतं. यंत्राने दाखवलेल्या नाडीवरही तेव्हा विश्वास ठेवू नका, पूर्ण एक मिनिट हाताने मोजा. चक्कर येत असेल तर उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनीही घ्या.

पल्स ऑक्सिमीटर पुष्कळांच्या घरी कोविडपासून पडून आहे, वापरू द्या. पण हार्ट फेल्युअरमध्ये ऑक्सिजन उशिरा घसरतो. ९६ दिसलं म्हणून दमाकडे दुर्लक्ष करू नका. गार बोटं, नेलपॉलिश आणि गडद काळी मेंदी यांमुळे वाचन बिघडू शकतं.

सूचना आल्यावरचा फोन

परिचारिकेने आधी वजन पुन्हा घ्यायला सांगावं, त्याच जागी, त्याच काट्यावर. मग कारण शोधावं. क्रम असा ठेवा: गोळी चुकली का, खाण्यात मीठ वाढलं का, दुसरं औषध सुरू झालं का, ताप-खोकला किंवा छातीत दुखणं-धडधड आहे का.

गोळी चुकण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे प्रवास. एसटीने लग्नाला किंवा देवाला जायचं, वाटेत लघवीची सोय नाही, म्हणून त्या दिवशीची लघवीची गोळी गाळली जाते. दोन दिवस गेले की दोन किलो चढतात. 'गाळू नका' एवढं सांगून उपयोग नाही; 'मुक्कामी पोचल्यावर घ्या, पण दुपारी ४ च्या आत' असं सांगितलं तर ते पाळलं जातं.

मिठाबद्दल विचारताना 'मीठ कमी खाता ना?' असं विचारू नका. लोणचं, पापड, फरसाण, ठेचा, सुकी मासळी, दिवाळीचा फराळ अशी नावं घेऊन विचारा. दिवसभराचं सगळं मिळून मीठ साधारण एक सपाट छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. आणि 'लो सोडियम' मीठ आणलं आहे का हे आवर्जून विचारा: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनसारखी हार्ट फेल्युअरची नेहमीची औषधं चालू असताना ते पोटॅशियम धोक्याच्या पातळीला नेऊ शकतं. रोज नारळपाणी पिणाऱ्यांनाही हाच इशारा.

दुसरं औषध म्हणजे बहुतेक वेळा गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. ही औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. लघवीची गोळी नियमित चालू असूनही वजन चढत असेल तर आधी हे विचारा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, पण साधी गोळी. पाण्यात विरघळणाऱ्या फेसाळ गोळीत सोडियम बरंच असतं.

फोन संपेपर्यंत रुग्ण कोणत्या गटात हे ठरलं पाहिजे. सरळ रुग्णालयात आणायचे ते असे: बसल्या जागी दम, उताणं झोपताच न येणं, फेसाळ गुलाबी कफ, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ऑक्सिजन ९० च्या खाली, वरचा रक्तदाब ९० च्या खाली आणि सोबत डोळ्यांपुढे अंधारी, नाडी १२० च्या वर किंवा ४५ च्या खाली आणि सोबत त्रास, किंवा दिवसभरात लघवी जवळजवळ नाही. इथे औषध फोनवर बदलत बसू नका.

दुसरा गट: वजन वाढलंय, दम थोडा वाढलाय, पण बोलताना वाक्य पूर्ण होतं आणि रक्तदाब ठीक आहे. इथे डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस तीन दिवसांसाठी दुप्पट करावा, जसं टॉर्सेमाइड १० ऐवजी २० मिलिग्रॅम किंवा फ्युरोसेमाइड ४० ऐवजी ८० मिलिग्रॅम. रोज अर्धा ते एक किलो उतरलं पाहिजे. ४८ तासांत काहीच उतरलं नाही तर गोळी वाढवत नेण्यात अर्थ नाही. आतड्याला सूज असताना तोंडाने घेतलेलं फ्युरोसेमाइड नीट शोषलं जात नाही. बोलवा, शिरेतून द्या. सकाळी देऊन संध्याकाळी घरी पाठवता येतं. तीन ते पाच दिवसांत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासा.

यातली सर्वांत जास्त राहून जाणारी पायरी म्हणजे डोस पूर्ववत करणं. वजन उतरतं, सगळे खूश होतात, दुप्पट डोस तसाच चालू राहतो. दोन आठवड्यांनी रक्तदाब घसरतो, क्रिएटिनिन चढतं आणि त्याचा दोष सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनवर जाऊन ते बंद केलं जातं. ज्या औषधाने आयुष्य वाढतं ते जातं, आणि ज्याने फक्त पाणी निघतं ते राहतं. म्हणून प्रत्येक सूचनेला वहीत शेवटचा रकाना ठेवा: 'डोस पूर्ववत केला, तारीख'. तो भरल्याशिवाय ती सूचना मिटलेली धरू नका.

वजन खाली जाण्यालाही मर्यादा हवी. कोरड्या वजनापेक्षा २ किलो कमी, उभं राहिल्यावर चक्कर, तोंड कोरडं: हा रुग्ण सुकतोय. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं, जुलाब-उलट्यांतही. त्या दिवसांत लघवीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीतून साखर आणि पाणी बाहेर काढणारी औषधं) थांबवायचं का, पाणी किती वाढवायचं, हे डॉक्टरांनी उन्हाळ्याआधीच कार्डावर लिहून ठेवावं. रुग्णाचे नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: वरचे डोस समजण्यासाठी दिले आहेत, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना असेल तरच घरी बदल करा.

या फोनचा दुसरा, मोठा उपयोग

पाणी साठण्याआधी पकडणं हे अर्धंच काम. रोजचा रक्तदाब आणि नाडी हातात असेल तर औषधं लवकर पूर्ण डोसला नेता येतात, आणि हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या रुग्णांमध्ये खरा फायदा तिथे आहे. २०२२ सालच्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत (१०७८ रुग्ण) डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसला नेली आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आठवड्यात तपासणी केली. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे मात्र डिस्चार्जच्या कागदावरचा सुरुवातीचा डोस वर्षभर तसाच चालतो, कारण रुग्ण 'बरं आहे' म्हणून येत नाही आणि आला तर एकट्या वाचनावर डोस वाढवायला डॉक्टर कचरतात. सात दिवसांची वाचनं समोर असली की हा संकोच जातो.

नियम साधे ठेवा. वरचा दाब ९५ च्या वर आणि नाडी ५५ च्या वर असेल, सूज नसेल, तर बीटा ब्लॉकर (नाडी आणि दाब कमी करणारं औषध) पुढच्या पायरीला न्या. पोटॅशियम ५ च्या आत असेल तर सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन वाढवता येतं. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर पहिल्या आणि चौथ्या आठवड्यात पोटॅशियम-क्रिएटिनिन बघितलंच पाहिजे: पोटॅशियम ५.५ च्या वर असेल तर डोस निम्मा, ६ च्या वर बंद. नुसता दाब ९८ आहे पण रुग्ण हिंडतो-फिरतो, चक्कर नाही, तर औषध कमी करू नका.

शरीरात बसवलेली यंत्रं

पेसमेकर, आयसीडी (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) किंवा सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र चालवणारा पेसमेकर) असलेल्या रुग्णाचं यंत्र घरी ठेवलेल्या ट्रान्समीटरमधून किंवा मोबाइल ॲपमधून माहिती पाठवू शकतं. पुष्कळदा ती जोडणीच झालेली नसते. ट्रान्समीटर डब्यातच पडून असतो. बसवलेल्या रुग्णालयाला फोन करून पहिल्या दोन आठवड्यांत जोडून घ्या. सीआरटीमध्ये दोन्ही बाजूंच्या पेसिंगचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर राहावं. ते घसरलं आणि रुग्णाला दम वाढला तर नव्याने सुरू झालेलं ॲट्रियल फिब्रिलेशन किंवा जादा ठोके शोधा. शॉक एकदा बसला आणि रुग्ण ठीक आहे तर त्याच दिवशी कळवायचं. लागोपाठ दोन बसले तर थेट रुग्णालय.

छातीतल्या पाण्याचा अंदाज विद्युत रोधावरून देणारी सोयही काही यंत्रांत असते. २०११ च्या डॉट-एचएफ चाचणीत त्या सूचनेचा आवाज रुग्णालाच ऐकू येईल असं केलं, तर भरती होणं उलट वाढलं. २०१४ च्या इन-टाइम चाचणीत (६६४ रुग्ण) यंत्राची माहिती मध्यवर्ती केंद्रातली माणसं रोज पाहून दवाखान्याला कळवत होती. तिथे वर्षभरात २७ च्या तुलनेत १० मृत्यू झाले. न्यूमोनिया, फुप्फुसाच्या आवरणात साठलेलं पाणी, यंत्राच्या जागी आलेली सूज यांमुळेही रोध बदलतो, म्हणून या सूचनेवर एकट्याने औषध वाढवू नका. फोन करून तीन प्रश्न विचारा.

फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा बिनबॅटरीचा दाबमापक, कार्डिओमेम्स, अमेरिकेत २०१४ पासून मंजूर आहे. ५५० रुग्णांच्या चॅम्पियन चाचणीत सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठीच्या भरतींत २८ टक्के घट झाली, कारण वजन हलायच्या आधीच दाब पाहून औषध बदलता आलं. तुमच्या आत्ताच्या प्रश्नात तो बसत नाही. त्यावर लागणाऱ्या पैशात पूर्ण वेळ परिचारिका नेमली तर तुमच्या भागात जास्त रुग्णांचं भलं होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्र, ॲप आणि वही

सुरुवातीला काटा, दंडाचं रक्तदाब यंत्र आणि फोन पुरे. व्हॉट्सॲपवर काट्याचा फोटो मागवणं सोयीचं: आकडा चुकीचा टाइप होत नाही आणि सकाळची वेळही दिसते. पण सगळ्या रुग्णांचा एकच ग्रुप करू नका. एकाचा आजार दुसऱ्याला कळतो आणि 'सुप्रभात'च्या संदेशांत वाढलेलं वजन बुडून जातं. रुग्णालयाचा वेगळा फोन, वेगळा नंबर, प्रत्येक रुग्णाशी स्वतंत्र संभाषण, आणि आकडा लगेच वहीत. रुग्णाची लेखी संमती घ्या: कोणती माहिती, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार दुरून औषध लिहून देण्याचं काम नोंदणीकृत डॉक्टरांचंच आहे. डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी आधी लिहून ठेवलेली योजना परिचारिका वाचून दाखवू शकते, स्वतःहून डोस ठरवू शकत नाही. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि दिलेला सल्ला लिहून ठेवा.

आकडा न येणं हीसुद्धा सूचनाच समजा. सलग दोन सकाळी काही आलं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा. बॅटरी संपलेली असते, काटा शेजाऱ्यांकडे गेलेला असतो, किंवा रुग्णाला काट्यावर उभं राहण्याइतकं त्राण उरलेलं नसतं. तिसरं कारण फोन केल्याशिवाय कळत नाही. सुटे सेल रुग्णाबरोबरच द्या.

महिन्याच्या शेवटी तीन गोष्टी मोजा: किती टक्के दिवस आकडे आले, सूचना दिसल्यापासून फोन होईपर्यंत किती तास गेले, आणि आलेल्या सूचनांपैकी कितींवर खरोखर काही करावं लागलं. दहातल्या नऊ सूचना फुकट जात असतील तर परिचारिका हळूहळू त्यांच्याकडे पाहणं सोडते. तेव्हा मर्यादा त्या-त्या रुग्णापुरती सैल करा, सगळ्यांची एकदम नको. फोनला चार तासांहून जास्त लागत असतील तर रुग्णांची संख्या कमी करा.

तीन महिने भरती नाही, औषधं सोसतील तेवढ्या डोसला पोचली, महिन्याभरात खरी सूचना नाही, अशा रुग्णाला रोजच्या यादीतून काढून आठवड्यातून दोन वजनांवर आणा आणि त्याची जागा नव्याने सुटलेल्याला द्या. काटा त्याच्याकडेच राहू द्या. कार्डावर कोरडं वजन, त्याची तारीख, दोन्ही मर्यादा आणि सकाळी ९ ते ५ चा फोन नंबर असू द्या. पुन्हा भरती झाला, मूत्रपिंडाचा त्रास निघाला किंवा लघवीच्या गोळीचा डोस कायमचा वाढवावा लागला तर त्याच दिवशी त्याला रोजच्या यादीत परत घ्या.